विचारा माझ्या आईला

दातांच्या दवाखान्याच्या मागे, जिथे एरवी कुणी झाडू आणि बादल्या ठेवल्या असत्या, तेवढ्याशा खोलीत कवळीबाई बसत. नाव अर्थातच कामावरून पडलेलं. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं घेत. ती मागे आली की बाई त्यांत प्लॅस्टर ओतत आणि माणूस घरी पोचायच्या आत त्याचा जबडा बाईंच्या टेबलावर आ वासून बसलेला असे. मग मेण, मग दात, मग पितळी डब्यात दाबून उकळणं, मग मोटरवर घासणं. त्या भागातले निम्मे म्हातारे बाईंच्या दातांनी जेवत होते. उरलेल्या निम्म्यांचे दात दुसरीकडे झालेले असत आणि बाई त्यांना उघड उघड नावं ठेवत. भर समारंभात एखाद्या पाहुण्याकडे बघून त्या "घोड्याचे बसवलेत मेल्याला" असं म्हणायच्या आणि शेजारी बसलेला मुलगा त्यांचा हात दाबायचा.

मुलगा एकुलता एक. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला. मुलगा मोठा होऊन पार्सलच्या गोदामात कामाला लागला होता. कुठली खोकी कुठल्या गाडीत जायची ते बघायचा, संध्याकाळी घरी यायचा, मान खाली घालून जेवायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खोड एकच, बोटं स्वस्थ नसायची. टेबल असो, ताट असो, खिडकीची कड असो, हा आपला टिकटिक टिकटिक वाजवत बसलेला. म्हणून बाई त्याला टिकटिक म्हणायच्या. "टिकटिक, पुरे," हे वाक्य त्या घरात दिवसातून इतक्या वेळा बोललं जायचं की भिंतींना पाठ झालं असेल.

टिकटिकचा वरचा एक दात खोटा होता, अगदी पुढचा. नऊ वर्षांचा असताना जिन्यावरून पडला, असं बाई सगळ्यांना सांगत. एका दाताची कवळी बाईंनी स्वतःच्या हाताने करून दिली होती. पोराचा जबडा वाढत गेला तशी ती घट्ट व्हायची आणि बाई पुन्हा माप घेऊन पुन्हा नवी करायच्या. शेजारच्या दातांचा रंग जरा पिवळट झाला की याही दाताचा रंग त्या बदलायच्या. इतका बेमालूम दात की डॉक्टरांनासुद्धा आधी सांगावं लागलं होतं. तो मोठा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता कायमचा पक्का बसवून टाकू. टिकटिक म्हणाला, "असू दे. आईने केलाय." बाईंना त्या दिवशी केवढं बरं वाटलं होतं.

आता या साध्यासुध्या घराचा आणि रॅपचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. बाईंनाही तसंच वाटत होतं.

त्या वर्षी जिकडेतिकडे दोन रॅपरांच्या भांडणाचा धुरळा उडाला होता. एकाचं नाव सुरुंग, दुसऱ्याचं भोवरा. आईबापांनी ठेवलेली नावं काय होती ते देव जाणे. बाईंना हे सगळं दवाखान्याच्या काउंटरवरच्या पोरीकडून कळायचं, कारण ती सुरुंगवर जीव ओवाळून टाकत होती. ती मोबाइलवर दोघांचे फोटो दाखवायची आणि बाई चष्मा वर करून बघायच्या. दोघांच्या गळ्यात तशाच साखळ्या, अंगात तसेच ढगळ कपडे, कॅमेऱ्याकडे बघून बोटं वाकडी करायची तऱ्हाही तीच.

"आणि भांडण कशावरून म्हणालीस?"

"काकू, दोघं एकमेकाला नकलाकार म्हणतायत. भोवरा म्हणतो, सुरुंगची गाणी त्याची स्वतःची नाहीतच. शब्द दुसरा कुणीतरी लिहून देतो."

"मग देऊ दे की. मी दुसऱ्यांचे दात करून देते, ते काय माझ्या तोंडाने जेवतात?"

"तसं नाही चालत इथे. रॅपमध्ये तोंड ज्याचं, शब्दही त्याचेच पाहिजेत. जे भोगलंय तेच गायचं. नाहीतर तो खोटा."

बाईंना हा नियम मोठा चमत्कारिक वाटला. पण सुरुंगचं एक वाक्य त्यांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. सहा महिने झाले, शाळेतून सुटलेली पोरं रस्त्याने तेच ओरडत जायची: "विचारा माझ्या आईला!" दुकानदार उधारीवाल्याला म्हणायचा, विचारा माझ्या आईला. बसमधला कंडक्टर सुटे नाहीत म्हणताना म्हणायचा, विचारा माझ्या आईला. खुद्द बाईंनीसुद्धा एकदोनदा मजेत म्हटलं होतं. काउंटरवरच्या पोरीने "काकू, वरची कवळी झाली का?" विचारलं की "विचार माझ्या आईला," असं मोटरच्या आवाजावरून ओरडून सांगायच्या आणि दोघी हसायच्या. गाणं पुढेमागे काय आहे ते बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. दिवसभर कानाशी मोटर गरगरत असताना वर आणखी गाणी कोण ऐकतंय?

तर एक दिवस सकाळी काउंटरवरची पोरगी धापा टाकत मागच्या खोलीत आली. 

"काकू, तो आलाय. सुरुंग! आपल्या दवाखान्यात! मागच्या दाराने घेतलं डॉक्टरांनी. कुणाला सांगायचं नाही म्हणालेत."

"मग मला कशाला सांगतेस?" बाई म्हणाल्या, पण उठून दाराच्या फटीतून बघून आल्या. खुर्चीत एक किरकोळ मुलगा आडवा पडला होता. गळ्यातल्या साखळ्या काढून त्याने मांडीवर ठेवल्या होत्या. इंजेक्शनच्या ट्रेकडे तो अशा नजरेने बघत होता की हा कुणाखाली सुरुंग लावील असं वाटेना.

थोड्या वेळाने डॉक्टर माप घेऊन मागे आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, याचं प्लॅस्टर भरा. वरचा पुढचा डावा दात साच्यावरून कापा आणि त्या जागी एका दाताची कवळी करा. काढता-घालता येईल अशी."

"दात हलतोय का?"

"नाही. ठणठणीत आहे. उद्या यायचंय त्याला काढून घ्यायला."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ठणठणीत दात काढणार? कशासाठी?"

"मी नाही म्हणालो. तो म्हणतो, तुम्ही नाही काढला तर दुसरीकडे जाऊन काढीन, नाहीतर भिंतीवर तोंड आपटीन. म्हटलं, निदान रात्रभर विचार कर. तोवर तुम्ही माप भरून ठेवा." डॉक्टर घाईघाईने निघून गेले. आपण होकार दिला की नकार, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

बाईंनी प्लॅस्टर ओतलं. घट्ट झाल्यावर साचा सोडवून उजेडात धरला. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून हजारो जबडे गेले होते, पण असा देखणा जबडा क्वचितच. एक दात वाकडा नाही, एकाला चीर नाही. बाईंनी बारीक करवत उचलली. आधी प्लॅस्टरचा दात कापायचा, मग उद्या खरा निघायचा. कामाची रीतच तशी होती, म्हणजे काढल्या काढल्या जागेवर नवा बसवता येतो. करवत दाताला टेकवली आणि त्यांचा हात पुढे जाईना. किडका दात कापताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

त्यांनी काउंटरवरच्या पोरीला हाक मारली. "अगं ए, तुझ्या त्या सुरुंगाला वेड लागलंय का? सोन्यासारखा दात काढायला निघालाय."

पोरगी पांढरीफटक पडली. "अरे देवा! म्हणजे भोवऱ्याचं खरंच आहे!"

"काय खरं आहे?"

"काकू, तुम्ही 'तोंड उघड' ऐकलं नाही? भोवऱ्याचं नवं गाणं. त्यात तो म्हणतो, सुरुंग गाण्यात सांगतो तसा त्याचा दात खोटा नाहीच, सगळी गोष्ट चोरलेली आहे. हिंमत असेल तर समोरासमोर तोंड उघडून खोटा दात हातात काढून दाखव. उद्या संध्याकाळी दोघांचा मुकाबला आहे. तिथे तो दाखवायचाय." तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. "मला वाटायचं, त्याने खरंच भोगलंय. मी किती रडले होते ते गाणं ऐकून."

"कुठलं गाणं?"

"तेच हो. विचारा माझ्या आईला."

तिने मोबाइल टेबलावर साच्याशेजारी ठेवला आणि गाणं लावलं. बाईंनी मोटर बंद केली. आधी नुसताच ताल आला, लाकडावर काहीतरी वाजवल्यासारखा, टिकटिक टिकटिक. मग आवाज:

*दोन सुऱ्या हातात माझ्या, टेबलावर ताल,*
*जागून जागून आईचे होते डोळे लाल,*
*थांब म्हणाली, ऐकलं नाही, उडाला पितळी डबा,*
*भिंतीसाठी होता तो, मी मधेच होतो उभा.*

बाईंच्या हातातली करवत खाली पडली. ती उचलायचं भान त्यांना राहिलं नाही.

*डॉक्टर विचारी, काय झालं? मी बघितलं आईला,*
*जिन्यावरून पडलो मी, विचारा माझ्या आईला!*
*विचारा माझ्या आईला!*

मागे हजारो माणसं एका आवाजात तेच ओरडत होती. टिकटिक जिन्यावरून पडला नव्हता. बाईंनी त्याला मारलं होतं. तेव्हा त्या घरी काम करत. दिवसा एकीकडे, संध्याकाळी घरच्या टेबलावर आणखी, कारण एकटीने पोर वाढवायचं होतं. पोरगा त्यांच्या मेण कापायच्या दोन सुऱ्या घेऊन टेबलावर वाजवत बसला होता. धक्का लागून नुकतीच जुळवलेली कवळी खाली पडली आणि दात चौफेर उडाले. बाईंनी हाताला आला तो पितळी डबा फेकला. पुढचं त्यांनी कधी आठवू दिलं नव्हतं. डॉक्टरकडे जाताना वाटेत त्यांनी पोराला बजावलं, जिन्यावरून पडलो म्हणायचं. पोराने तसंच सांगितलं. त्या दिवसापासून घरात तेच खरं झालं होतं.

खोलीत बसलेल्या दोघींपैकी एकीला हे कळत होतं आणि दुसरी डोळे पुसत होती. गाणं चालूच होतं:

*नवा दात दिला तिने, रंग जुळला छान,*
*माप जुळलं, चावा जुळला, जुळलं सगळं सामान,*
*जबडा वाढला तसा तिने पुन्हा नवा केला,*
*एक शब्द बोलायचा तेवढा राहून गेला.*

"काकू? काकू, बरं वाटत नाही का?"

"प्लॅस्टरची धूळ गेली डोळ्यात," बाई म्हणाल्या.  ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक त्या स्वतः. आणि दुसरा तो, रोज मान खाली घालून जेवणारा, आईने केलाय म्हणून दात न बदलणारा. त्याने ती अख्ख्या दुनियेला सांगितली होती. सहा महिने दुनिया त्यांच्याच खिडकीखालून ती ओरडत गेली होती आणि त्या हसल्या होत्या. स्वतःच्या तोंडाने त्यांनी ती म्हटली होती.

घरी जाताना पाय कुठे पडत होते ते त्यांना कळत नव्हतं. एका गोष्टीला मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. भिंतीसाठी होता तो. पोराने तसंच म्हटलं होतं. त्या स्वतःलाही इतकी वर्षं तेच सांगत आल्या होत्या, की डबा भिंतीवर फेकला आणि पोरगं मधे आलं. आपण हे त्याला कधी बोललो नाही, तरी त्याला ते माहीत होतं.  

टिकटिक नेहमीसारखा घरी आला, नेहमीसारखा जेवायला बसला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा आपलाच मुलगा आहे ना, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. इतकं सगळं पोटात ठेवून हा रोज समोर बसून आमटी कमी तिखट झालीय म्हणतो!

"तो दात," बाईंनी सुरुवात केली.

त्याची बोटं थांबली. "काय दात?"

बाईंनी आमटीचा डाव उचलला. "सैल झालाय का? माप घेऊ का पुन्हा?"

"नाही. बरा बसलाय."

बोटं पुन्हा सुरू झाली. बाईंनी "पुरे" म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःचा एवढा राग त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुंग आला. बाईंनी दात केलाच नव्हता. साचा जसाच्या तसा होता. डॉक्टरांनी रंग जुळवायला त्यांना पुढे बोलावलं, तेव्हा त्या साचा हातात घेऊनच गेल्या. खुर्चीतल्या पोराच्या गळ्याला निळा कागद बांधलेला होता, साखळ्या आजही मांडीवर होत्या. रात्रभर झोपला नसावा.

"काकू, जरा खोटा दिसेल असा करा हं," तो म्हणाला. "म्हणजे लांबूनही कळला पाहिजे."

"सगळे लोक म्हणतात, खरा दिसू दे," बाई म्हणाल्या. "तूच पहिला."

तो हसला. हसताना ते सुरेख दात सगळे दिसले. "काय करणार! लोकांना खरं वाटायला पाहिजे. नाहीतर भोवरा मला संपवेल."

"आणि गोष्ट खरी कुणाची आहे?"

डॉक्टरांनी चमकून बघितलं. पोरगा जरा घुटमळला. पण तोंडात हत्यारं घालून घ्यायला बसलेल्या माणसाचा खोटेपणा फार टिकत नाही. "कुणाचीच नाही हो. माझा एक दोस्त आहे, गोदामात आम्ही बरोबर होतो. खोकी वाजवून गाणी रचायचा. त्याने दिली. मी तेव्हाच विचारलं होतं, हे तुझं आहे का, तर म्हणाला, छे, सगळं मनाने रचलंय. माझी आई तर देवमाणूस आहे, म्हणाला." आणि मग तो सहज, अगदी सहज बोलून गेला, "आणि खरंच काकू, कुठली आई असं करेल? पोराचा दात पाडून वर त्यालाच खोटं बोलायला लावेल? पण लोकांना पटलं बघा."

खोलीत चूळ भरायच्या नळाचा बारीक आवाज येत होता. कवळीबाईंना वाटलं, आता आपण गप्प बसलो तर जन्मात पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"मी," त्या म्हणाल्या.

"काय मी?"

"मी केलं असं. तुझा दोस्त माझा मुलगा आहे. त्याचा दात मी पाडला आणि जिन्यावरून पडलो म्हण, असंही मीच सांगितलं."

डॉक्टरांच्या हातून आरसा ट्रेमध्ये पडला. काउंटरवरची पोरगी दारात फाइल घेऊन उभी होती, तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि फाइल खाली गेली. त्या दोघांनी इतकी वर्षं जिना नावाच्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता. सुरुंग तर खुर्चीत ताठ उठून बसला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. एरवी डॉक्टरांना आ करा, आ करा म्हणून लोकांच्या विनवण्या कराव्या लागत.

"भिंतीवर मारला होता डबा," बाई घाईघाईने म्हणाल्या. "त्याला लागला. पण केलं मीच." आणि त्यांनी साचा त्याच्या मांडीवर, साखळ्यांच्या शेजारी ठेवला. "हे तुझे दात. एकही पडलेला नाही. ज्याचा पडला त्याने ते सोसलंय. तू आता आणखी एक पाडून घेऊन काय ते तुझं होणार आहे?"

सुरुंगने साचा उचलून त्यातल्या पुढच्या दातावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "मग मी इतके दिवस काय गातोय? मी लोकांपुढे त्या बाईला शिव्या घालून टाळ्या घेतल्या." त्याने बाईंकडे वर बघितलं आणि लाजून मान खाली घातली. "काकू, मला खरंच वाटलं होतं, बनवलेली आहे."

गळ्याचा कागद काढून तो निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. त्या दिवशी मागच्या खोलीत कवळीबाईंना कुणी हाक मारली नाही. पोरगीने चहा आणून ठेवला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी बाई घरी गेल्या त्या ठरवून, की आज बोलायचंच. पण टिकटिक त्यांच्या आधी आला होता. त्याने मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा केला होता. मुकाबला सुरू झाला होता.

"आई, थांब जरा, हे बघू दे," तो म्हणाला. एवढ्या उत्सुकतेने काही बघताना बाईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्या शेजारी बसल्या.

पडद्यावर भोवरा एका टोकाला, सुरुंग दुसऱ्या टोकाला, आणि मधे माणसांचा समुद्र. भोवऱ्याने आधी आपलं म्हणून घेतलं. त्याचे शब्दही चोख होते, फक्त सुरुंगच्या पहिल्या गाण्याची चाल त्यात सरळसरळ ऐकू येत होती, पण त्याला ते कोण सांगणार? मग तो माइक पुढे करून गरजला, "तोंड उघड!" आणि सगळी माणसं ओरडू लागली, "तोंड उघड! तोंड उघड!"

सुरुंगने तोंड उघडलं. कॅमेरा जवळ गेला. त्याने एकेक दात बोटाने ओढून दाखवला. एकही निघाला नाही. हुर्यो उठली, बाटल्या उडाल्या. टिकटिकची बोटं टेबलावर घट्ट आवळली गेली. "हा काय करतोय?" तो पुटपुटला. "सांगितलं होतं मी, दातावर काहीतरी खोटं चिकटव म्हणून."

"दात माझा नाही," सुरुंग माइकमध्ये म्हणाला.  "गोष्ट माझी नाही. शब्दसुद्धा माझे नाहीत. ज्याचे आहेत त्याने मला सांगितलं होतं की खोटी आहे. पण आज मला त्याची आई भेटली."

टिकटिकने वळून बाईंकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. मोबाइलमध्ये लोक ओरडतच होते. त्याने हात लांब करून तो पालथा घातला.

"तू भेटलीस त्याला?"

"दवाखान्यात आला होता. चांगला दात काढायला निघाला होता."

"आणि तू त्याला सांगितलंस?"

"हो."

त्याने पालथा मोबाइल टेबलाच्या कडेला सरकवला. मग म्हणाला, "त्याला सांगितलंस. मला नाही अजून."

बाईंना ते इतकं लागलं की त्यांनी टेबलाची कड धरली. खरंच होतं. एका परक्या पोराला सांगितलं आणि स्वतःच्या पोराला इतकी वर्षं फक्त रंग आणि मापं विचारली. बोलायचं ठरवून आणलेलं सगळं डोक्यातून गेलं. जे कधी आठवू दिलं नव्हतं तेच तेवढं समोर उभं राहिलं: पोरगा टेबलापाशी, हातात सुऱ्या, आणि त्याच्या मागे मोकळं दार. त्या बाजूला भिंत नव्हतीच.

"जिन्यावरून नाही पडलास तू," बाई म्हणाल्या. "मी मारलं तुला. आणि भिंतीवर नव्हता फेकला तो डबा. मी सगळ्यांना तसं सांगितलं, आज सकाळीसुद्धा. स्वतःलाही सांगत आले. तुझ्याच अंगावर फेकला होता मी. तुझ्याकडे बघून. माझं चुकलं रे. फार चुकलं."

हे बोलून झाल्यावर त्यांना त्याच्याकडे बघवेना. आता हा उठेल, निघून जाईल, आणि गेला तर थांब म्हणायचं तोंड आपल्याला नाही. एवढा एक आधार होता त्या गाण्यात, तोही आपणच काढून घेतला.

टिकटिक उठला नाही. त्याने तोंडात बोट घातलं, ती एका दाताची कवळी काढली आणि बाईंच्या समोर ठेवली. माप घेण्याखेरीज त्याने ती त्यांच्यापुढे कधी काढली नव्हती. त्याच्या तोंडात पुढेच ती फट दिसली, नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडात होती तशीच.

"मला माहीत आहे, आई," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्दांतून वारा निसटत होता. "मी तुझ्याकडेच बघत होतो तेव्हा."

"मग गाण्यात..."

"गाण्यातलं सगळं घडलेलं आहे. भिंत तेवढी मी माझ्या मनाने घातली."